भुशाच्या भिंती

करवतीच्या पात्याला पिवळं पीठ लागलं आणि माझा हात थांबला. वाळका बांबू कापताना पांढरट भुसा पडतो, कोरडा, नाकात गेला की शिंक आणणारा. हे तसं नव्हतं. बोटाला चिकटत होतं, आणि त्याला आंबटगोड वास होता, फणसाचे गरे रात्रभर उघडे राहिले की येतो त्याच्या जवळचा. थोडाच कापायचा राहिला होता, तेवढा हातानेच मोडला आणि कापलेलं तोंड उन्हाकडे धरलं. पोकळीत बोटभर आत एक भिंत होती. भुशाचीच, पण नीट लिंपलेली, मधे जराशी खोलगट. तिच्या अलीकडे पिवळा गोळा, करवतीने अर्धा कापलेला, आणि त्याला चिकटून एक पांढरी जाड अळी. तीही अर्धीच. वाशाच्या खालच्या अंगाला एक भोक होतं, गिरमिटाने पाडल्यासारखं गोल, माझी करंगळी जेमतेम जाईल एवढं. ते मी पाहिलं नव्हतं. बांबूच्या बेटातून वासा ओढून आणताना माझी बोटं बहुधा त्यावरूनच गेली असतील.

तीन आठवड्यांपूर्वी याच वाशावर, टोपल्या विणणाऱ्या आबांनी बोटाच्या पेराने तीनदा वाजवलं होतं, आणि काही न बोलता ते पुढे गेले होते.

आमच्या मागच्या दारातून आंबोलीचा डोंगर दिसतो. दिसतो म्हणजे कार्तिकात दिसतो; त्याआधीचे चार महिने तिथे नुसता पांढरा पडदा असतो. मुंबईची नोकरी संपवून चार वर्षांपूर्वी मी या घरात राहायला आले तेव्हा वाटलं होतं, इथला मोठा ऋतू पावसाचा. आता तसं वाटत नाही. पाऊस सगळं एका रंगात बुडवतो, त्यात वेगळं काही नजरेला पडत नाही. खरं बघायला मिळतं ते शरद सरता सरता. भात कापून झालेलं असतं, खळ्यावर नव्या पेंढ्याची उडवी उभी राहते, तुळशीच्या लग्नाचे ऊस वृंदावनाला टेकून वाळत असतात. सकाळी पोफळींच्या झावळ्यांवरून दंव टपटपतं, इतकं की झोपेत पाऊस आल्यासारखं वाटावं. आठ वाजले की ऊन तिरपं आत शिरतं आणि घरामागच्या रानात प्रत्येक दोन झाडांमधे एक जाळं असल्याचं एकदम कळतं. तिथली मोठी कोळीण माझ्या तळहाताएवढी आहे. तिचा धागा सोन्यासारखा पिवळा असतो. उगाच म्हणून बोटाने ताणून पाहिला तर रिळाच्या दोऱ्यासारखा चिवट लागतो. दहा वाजेपर्यंत दंव उडून जातं आणि जाळी पुन्हा दिसेनाशी होतात. मग त्यांत तोंड अडकवत फिरायचं.

बांबू तोडायचा तो याच दिवसांत. पावसात तोडलेला बांबू टिकत नाही, त्याला कीड लागते आणि दोन महिन्यांत टोपलीखाली पिठाचा ढीग पडायला लागतो. बांबूच्या अंगात साखर-पीठ असतं, किड्याला हवं असतं ते तेच. पावसात नवे कोंब वर काढताना बेटाचा तो साठा खर्ची पडतो आणि पावसाळा सरला की वासे त्यातल्या त्यात रिते असतात. हे मी वाचून जमवलेलं. आबांना ते वाचायची गरज पडली नाही. ते अवसेच्या बाजूचे दिवस धरतात, आणि तोडलेले वासे व्हाळाच्या कोंडीत दगड ठेवून बुडवून ठेवतात. पाण्याला आठवडाभरात असा वास येतो की गुरंसुद्धा वरच्या अंगाला जाऊन पितात. त्या वासातूनच बांबूचं गोडपण बाहेर पडत असतं.

त्या दिवशी मी त्यांच्या मागे कोयता घेऊन गेले होते, शिकायला म्हणून. शिकवतात ते असं नाही. बेटाभोवती एक फेरी घालतात, मान वर करून शेंडे बघतात, मग वाकून बुंधे. या वर्षीचा वासा ओळखायला मलाही येतो आता: त्याच्या अंगावर पांढरी भुकटी असते, बुंध्याशी सालीचं वेष्टण अजून चिकटलेलं असतं, आणि रंग असा कोवळा हिरवा की चाकू लावायची इच्छाच होऊ नये. "पोरगे आसत ते, रवांदेत," असं म्हणून ते त्यांना ओलांडतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा वासा हवा. त्याची हिरवाई मळकी झालेली असते, अंगावर शेवाळाचे राखी ठिपके उठलेले असतात. पण नुसत्या दिसण्यावर आबा जात नाहीत. ते वाजवून बघतात. तर्जनीचं पेर, तीन टिचक्या, मधे थोडी उसंत. कोवळा वासा दबका बोलतो, पिकलेला खणखणीत. आणि तोडतात ते जमिनीलगतच्या पहिल्या गाठीच्या बरोबर वर, तिरकं नाही, सपाट, म्हणजे उरलेल्या खुंटाच्या वाटीत पाणी साचून बेट कुजत नाही. सोळा वासे काढले आम्ही. मग तो सतरावा आला, पूर्ण वाळलेला, पिवळट, बेटाच्या कडेला कलून उभा. त्यावर आबांनी वाजवलं. तीनदा. पुन्हा एकदा, थोडं वर. कान जरा जवळ नेला, आणि सोडून दिलं. मला वाटलं, मेलेला आहे, विणायच्या उपयोगाचा नाही, म्हणून सोडला. विणायच्या नाही, पण वलणीच्या उपयोगाचा आहे, हे मी तिथेच मनात टिपून ठेवलं होतं.

आमच्या बेटातला हा माणगा. काटे नसलेला, सरळ, आणि बुंध्याशी तर जवळजवळ भरीव. सिंधुदुर्गात बांधाबांधावर तो लावलेला दिसतो. फर्निचरवाल्यांचा त्याच्यावर डोळा असतो, टोपलीवाल्यांना त्याचा वरचा पोकळ भाग आवडतो. १९२७ च्या वनकायद्याने बांबूला झाडांत धरलं होतं. २०१७ साली जंगलाबाहेरच्या बांबूला त्या व्याख्येतून वगळलं आणि कागदावर तो पुन्हा गवत झाला, जो तो मुळात आहेच. आबांच्या बोलण्यात मात्र तो झाडही नसतो आणि गवतही नसतं. बेट म्हणजे घर. त्यात आई असते, पोरगे असतात, म्हातारे असतात, आणि काटेरी कळकाच्या बेटाला फुलोरा आला की घरच्या घर एका वेळी जातं. तो फुलोरा माणसाला आयुष्यात एकदा दिसला तर दिसतो. आबांनी तो पाहिला आहे. त्याबद्दल विचारलं की ते विषय बदलतात.

वासा मला वलणीसाठी हवा होता, आणि वलणी हवी होती काकीच्या गोधडीसाठी. काकी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. कार्तिक लागला की ती पडवीत घोंगडी अंथरते, त्यावर जुनी लुगडी, माझ्या आईच्या दोन साड्या, काकांचं एक धोतर, असे थर लावत जाते. थर लावताना ती बोलत नाही. कोणता कपडा आत जाणार आणि कोणता वर दिसणार हे तिचं आधीच ठरलेलं असतं, आणि जो आत जातो त्यावरून ती हात जास्त वेळ फिरवते. मग कडेपासून टाके घालायचे. कडेने एक फेरी, तिच्या आत दुसरी, अशी आत आत सरकत मधोमध येऊन संपायची. साधा धावदोरा. पण काकीचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, आणि दोन टाक्यांमधली जागाही तेवढीच. तिच्या कमरेला मेणाचा एक काळपट गोळा असतो चिंधीत बांधलेला. दोरा त्यावरून ओढून घेतला की तो अडकत नाही, गाठ घट्ट बसते, आणि बहुतेक त्यामुळेच नव्या गोधडीला पहिल्या थंडीत मधाच्या पोळ्याचा अगदी पुसट वास येतो. डोंगरापलीकडे, कर्नाटकात यल्लापूर-हल्याळच्या बाजूला सिद्दी बायका अशाच चिंध्यांची कवंदी शिवतात. तिच्या चारी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुलं लावल्याशिवाय कवंदी नागडी राहते असं त्या मानतात. मी काकीला हे सांगितलं तेव्हा तिने सुई थांबवली, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "बरोबर आसा तां." त्या वर्षीपासून आमच्याही गोधड्यांच्या कोपऱ्यांना फुलं आहेत.

काकी शिवत असते तेव्हा पडवीसमोर कोण कोण कामाला असतं ते बघण्यात माझी दुपार जाते. मराठीत ज्यांनी पाखरांना नावं दिली ती माणसं गावगाड्यातली होती, हे इथे बसलं की पटतं. सुतार आंब्याच्या वाळल्या फांदीवर टकटक करत असतो. तांबट वडाच्या टोकाला बसून एकसुरी ठोके घालतो, भांडं घडवल्यासारखे, दुपारभर. शिंपी जास्वंदीत घुसतो. त्याचं पावसातलं घरटं आता पानं झडल्यावर सापडलं: दोन पानांच्या कडा चोचीने भोकं पाडून, त्यांतून कापूस आणि कोळ्याचा धागा ओवून एकत्र आणलेल्या, आणि प्रत्येक भोकाशी धाग्याचा गोंडा फुलवून ठेवलेला, म्हणजे तो मागे निसटू नये. काकीने चश्मा लावून ते घरटं पाहिलं आणि म्हणाली, गाठ नाही मारत हा, तरी सुटत नाही. दुपारच्या चहापर्यंत तेवढ्यावर ती दोनदा बोलली. कुंभारीण माशी पडवीच्या खांबाला ओल्या मातीचे गाडगे लिंपते. धोबी आता आठवड्यापूर्वी नाही, चांगला भाद्रपदात आला, हिमालयाकडून. आबांचे वासे बुडवलेत त्या कोंडीच्या दगडांवर शेपूट वरखाली आपटत फिरतो, आणि खरोखरच कुणी धुणं आपटत असावं असं लांबून वाटतं. तपकिरी खाटीकही थंडीपुरता येतो; करवंदीच्या काट्याला टोळ टांगून ठेवणारा. परवा मी त्या जाळीत तीन टोळ आणि एक सरड्याचं पिल्लू मोजलं. आणि सुगरण. व्हाळावर ओणवलेल्या माडाच्या झावळीला तिची नऊ घरटी लोंबकळत होती. आता सगळी रिकामी आहेत, वाऱ्याने फिरतात. त्यांतली तीन अर्धवट आहेत, वरचा घुमट तेवढा विणून सोडून दिलेला. मादीने पाहून नापसंत केलं की नर ते तिथेच टाकून दुसरं विणायला घेतो. किती दिवसांचं काम ते. हिरव्या गवताच्या पात्या एकेक करून आणायच्या, ओल्या असतानाच विणायच्या, कारण वाळल्या की त्या वळत नाहीत. बांबूचंही तेच असतं.

भुंग्याला मात्र मराठीने कारागिराचं नाव दिलं नाही. कीर्तनात ऐकलेला भुंगा आठवतो तो कोरडं लाकूड पोखरणारा, आणि तरीही मिटलेल्या कमळात मुकाट अडकून पडणारा. लहानपणी मला त्यात कमळाचंच कौतुक वाटायचं. लाकूड पोखरणं कशासाठी, हे कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

याच महिन्यात शेकरूचं एक घर खाली आलं. वाऱ्याने नव्हे, किंजळाची फांदीच आतून कुजली होती, ती पहाटे मोठा आवाज करून पडली आणि तिच्याबरोबर पानाकाटक्यांचा एक भारा. शेकरू आपल्या राज्याचा प्राणी आहे हे शाळेतल्या मुलांनाही पाठ असतं, पण त्याचं घर जवळून बघायला मिळत नाही. ते नेहमी उंच, जिथे दोन झाडांचे शेंडे एकमेकांना भिडतात तिथे. मी गुडघ्यावर बसून तासभर ते उलगडलं. बाहेरून ओबडधोबड काटक्या, त्यांच्या आत पानं लागलेल्या डहाळ्या, दातांनी तोडलेल्या, प्रत्येकीचा छेद तिरका आणि स्वच्छ. आणखी आत मऊ सालीचे तंतू, आणि अगदी मधे चुरगाळलेल्या पानांचा गोल खळगा, माझी मूठ बसेल एवढा, अजून कोरडा. कार्तिकातलं दंव रात्रभर पडून त्या खळग्यात पोचलं नव्हतं. मला आधी हळहळ वाटली. मग वर आंब्यातून तो खडखडाट ऐकू आला, रागावलेला, आणि शेपटी लोंबकळत ठेवून शेकरू माझ्याकडे बघत होता. तो एकाच घरावर विसंबत नाही, त्याची एका रानात अनेक असतात. त्याला झोपायला त्या रात्री जागा होती. तरी मी उलगडलेल्या काटक्या पुन्हा एकत्र करून झाडाच्या बुंध्याशी ठेवल्या. ते काम कुणाच्या उपयोगाचं नव्हतं.

आबांकडे मी रोवळी शिकते आहे. तांदूळ धुवायची रोवळी, जिच्या तळातून पाणी जावं आणि दाणा जाऊ नये. पहिलं वर्ष नुसतं वासा चिरण्यात गेलं. वासा शेंड्याकडून चिरत बुंध्याकडे यायचं. कोयत्याचं पातं शिरलं की पुढे बळ हाताचं नाही, फाटत जाणाऱ्या बांबूचं स्वतःचं. चीर एका बाजूला पळायला लागली तर जाड बाजूकडे दाब द्यायचा, म्हणजे ती मधे परत येते. मग कामटीची पाठ आणि पोट वेगळं करायचं. पाठ म्हणजे बाहेरची चकचकीत हिरवी साल, ती वर्षानुवर्षं टिकते; पोट मऊ, ते टोपलीच्या न दिसणाऱ्या भागात. माझ्या डाव्या तर्जनीवर आता सहा बारीक पांढऱ्या रेघा आहेत. आबांच्या हाताला अशा रेघा मोजता येत नाहीत, त्यांची त्याच रेघांची साल झालेली आहे.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मी लहान होते तेव्हा आबांचे वडील सुपं, रोवळ्या, हारे घेऊन यायचे ते खळ्याच्या कडेपर्यंत. माल खाली ठेवायचे आणि चार पावलं मागे सरकून उभे राहायचे. आजी भात मोजून सुपात घालायची आणि ते सूप जमिनीवर ठेवायची, हातात द्यायची नाही. नव्याने जन्मलेलं बाळ आमच्याकडे पहिल्यांदा निजवायचे ते त्यांनी विणलेल्या सुपात. लग्नात सूप त्यांचं, देवीच्या ओटीचं सूप त्यांचं, आणि माणूस गेल्यावर तिरडीचा बांबूही त्यांनीच चिरलेला. आमच्या आयुष्याच्या दोन्ही टोकांना त्यांचं काम होतं आणि मधे पडवीची एक पायरी होती जी त्यांना चढू दिली गेली नाही. आता आबा पडवीत बसतात, काकी त्यांना आमच्याच कपात चहा देते. पण बसतात ते पायरीलगत, खांबाला पाठ लावून, आणि आत या म्हटलं तर "हयसर बरा आसा" म्हणतात. मी शिकायला त्यांच्या घरी जायला लागले ते त्यामुळे. त्यांच्या पडवीत मी कुठेही बसू शकते. त्यांच्या सुनेने मला पहिल्याच दिवशी घराच्या आत, चुलीजवळ पाट दिला.

तो वासा कापल्यावर मी त्यांच्याकडेच गेले. उरलेला तुकडा, चार हात लांब, आडवा धरून, जणू आत पाणी आहे आणि ते हिंदकळेल. ते अंगणात हाऱ्याचा काठ वळवत होते. मी काही बोलले नाही. त्यांनी भोक पाहिलं, कापलेलं तोंड पाहिलं, आणि तुकडा कानाला लावला.

"ह्यात कोण तरी ऱ्हवता," ते म्हणाले.

"तुम्हांला तेव्हाच कळलं होतं?"

"म्हणान तर रवाक दिलंय."

एवढंच. रागावले नाहीत. सांगितलं का नाहीत, असं मी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. वासा वाजवून सोडून देणं हेच त्यांचं सांगणं होतं, आणि मी त्यांच्या शेजारी कोयता धरून उभी होते.

रात्री मी भुंग्याबद्दल मिळेल ते वाचलं. लाकूड तो खात नाही, नुसतं कोरतो. बांबूत तर त्याला आयती पोकळी मिळते, एक दार तेवढं पाडलं की झालं. कोरते ती मादी. आत टोकाशी ती परागकण आणि मध कालवून गोळा करते, त्यावर एक अंडं घालते, पोकळीच्या कडा खरवडून निघालेला भुसा लाळेत भिजवून त्याची भिंत घालते. मग दुसरा गोळा, दुसरं अंडं, दुसरी भिंत. भुंग्याचं अंडं हे कीटकांच्या जगातल्या सर्वांत मोठ्या अंड्यांपैकी एक असतं, काही जातींत दीड सेंटिमीटरच्याही पुढे. म्हणून फार घालता येत नाहीत. हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. मला आठवलं, दिवाळीपासून व्हाळाच्या काठी खुळखुळा पिवळाधमक फुलला आहे आणि त्याच्यावर काळे भुंगे सकाळपासून असतात, पंखांवर ऊन पडलं की निळे-जांभळे. फुलावर बसतात तेव्हा त्यांच्या वजनाने दांडा वाकतो. पाठीवर पिवळा शिक्का घेऊन उठतात. माझ्या करवतीवरचं पीठ ते होतं. एकेका गोळ्यामागे किती खेपा असतील हे मी मोजायचा प्रयत्न करत बसले आणि मधेच सोडून दिलं.

सकाळी काकीकडून मेण मागितलं. तिने कशाला विचारलं, मी सांगितलं, आणि तिने कमरेची चिंधी सोडून गोळाच हातात ठेवला. आईच्या साडीचा एक तुकडा उरला होता गोधडीतून, निळा. पहिलं घर तर गेलंच होतं. त्याचा चुरा काडीने काढला, पुढची भिंत तशीच शाबूत होती. कापडाची गोल चकती कापून कापलेल्या तोंडावर बसवली, वरून मेण वितळवून कड बंद केली. भोक मोकळं ठेवलं. मग तो तुकडा काथ्याने पडवीच्या कडेला, पागोळीच्या आत, आडवा टांगला, भोक खाली येईल असा. सकाळचं ऊन तिथे तासभर येतं. गोधडीला वलणी म्हणून नायलॉनची दोरी बांधली.

त्यानंतर रोज उठल्यावर आधी तिथे. गवा रात्री भाताच्या कापल्या मळ्यात येऊन गेलेला असायचा, त्याचे खूर दवात भरलेले दिसायचे. ककणेरांची, म्हणजे धनेशांची, जोडी डोंगराकडून उंबरावर यायची, पंखांचा तो हवा कापणारा आवाज घराच्या वरून जायचा. मी मात्र टांगलेल्या बांबूखाली फरशी बघत उभी. देवदिवाळी झाली. गावात जत्रेची रात्र गेली, दशावताराचा मृदंग पहाटेपर्यंत ऐकू आला. बांबू तसाच. एकदा दुपारी एक काळी मादी आली, भोकाभोवती फिरली, आत शिरली नाही. ती आईच होती का, माहीत नाही. मेणावर मुंग्या चढल्या त्या मी पाण्याने उतरवल्या. आबांना विचारलं की आत जिवंत असतील का. ते म्हणाले, कान लावून बघ. मी लावला. मला माझंच रक्त ऐकू आलं.

काल सकाळी भुसा दिसला. चिमूटभर, ताजा, पिवळसर. पण टांगलेल्या बांबूखाली नव्हता. हातभर पलीकडे होता, पायरीवर. वर पाहिलं तर पडवीचा तिसरा वासा, घर बांधलं तेव्हापासूनचा, धुराने काळा पडलेला, आणि त्याच्या खालच्या अंगाला एक नवं गोल भोक, कड अजून पांढरी. काकी बाहेर आली, तिने भुसा पायाने चाचपला. या वाशांवर कौलं आहेत. भुंगा लागला तर दोन-चार पावसाळ्यांत वासा ढिला पडतो, हे तिलाही माहीत आहे आणि आता मलाही. तिने आत जाऊन रॉकेलची बाटली आणि चिंधी आणून पायरीवर ठेवली. शिडी मी लावली.

वर चढून मी आधी वाजवलं. तीनदा, मधे उसंत ठेवून. पहिला वासा, दुसरा. दोन्ही खणखणीत. तिसऱ्याला गाठीच्या अलीकडे तोच आवाज, आणि पलीकडे वेगळा, आत काहीतरी दाटीने भरलेलं असावं तसा. पुन्हा एकदा, थोडं वर. मग कान टेकवला. लाकूड थंड होतं, काजळी गालाला लागली. बराच वेळ काही नाही. मग अगदी खोलातून एक गुणगुण, थांबून थांबून, आणि तिच्या आड बारीक खरवड.

"काय गो बाय," खालून काकीने विचारलं. "कोण आसा?"

"आसा," मी म्हटलं.